ओरखडा नसलेला खोका

मी एक जुना खोका आहे, मित्रांनो. जुना म्हणजे वयानं फार नव्हे. आमच्यात वर्षभर जगला तो म्हातारा. त्यातून आता मी अख्खाही उरलेलो नाही, माझी एक बाजू तेवढी शिल्लक आहे. स्वतःची कहाणी सांगणारे बहुधा आपली कीर्ती सांगतात. तशी कीर्ती माझीही पुष्कळ झाली, पण ती सांगताना मला मान खाली घालावीशी वाटते.

जुन्या वह्या, वर्तमानपत्रं आणि फाटके पुठ्ठे यांचा लगदा करून एका कारखान्यात माझा कागद झाला. सपाट कागदांच्या मध्ये लाटांसारखा दुमडलेला कागद घालून, असे सात थर चिकटवून मला घडवलं. बिस्किटं, कपडे, खेळणी यांना तीन थरांचे खोके पुरतात. सात थरांचा मान जड यंत्रांच्या खोक्यांचा. त्यामुळे मला पहिल्या दिवसापासूनच शिंगं फुटली होती. शेजारच्या तीन थरांच्या खोक्यांशी मी धड बोलतसुद्धा नसे.

कारखान्यातून मी एका मोठ्या गोदामात आलो. लोक घरबसल्या हत्यारं मागवत, आणि ड्रिल मशीन, करवती, ग्राइंडर अशी ती सगळी हत्यारं इथून खोक्यांत बांधून ट्रकनं रवाना होत. ओळीनं मांडलेली पत्र्याची टेबलं, चिकटपट्टी ओढल्याचा दिवसभराचा करकर आवाज आणि नाकात जाणारी पुठ्ठ्याची धूळ, असं ते ठिकाण होतं.

तिसऱ्या टेबलावर एक बाई होत्या. त्यांना सगळे ‘कानसेन’ म्हणत, आणि त्याला तसंच कारण होतं. खोका बंद केला की त्या तो दोन्ही हातांनी उचलत, कानाजवळ नेऊन हलवत आणि डोळे मिटून ऐकत. आत जरा जरी खडखड झाली तरी म्हणत, “हा बोलतोय. उघडा परत.” मग कागदाचे आणखी बोळे, फोमचे आणखी कोपरे आत जात. खोका मुका होईपर्यंत त्यांच्या हातून तो सुटत नसे. चौदा वर्षांत त्यांनी बांधलेलं एकही यंत्र फुटून परत आलं नव्हतं. नव्या मुली शिकायला आल्या की सुपरवायझर त्यांना आधी कानसेनच्या टेबलापाशी उभं करी.

माझ्या वाट्याला एक धार लावायचं ग्राइंडर आलं. टेबलावर घट्ट बसवायचं, लोखंडी पायाचं, चांगलं वजनदार. त्याच्यासोबत एक जास्तीचा दगड होता, बारीक दाण्याचा, पांढरा, भाकरीएवढा गोल. हा दगड दिसायला राकट, पण स्वभावानं काचेसारखा. म्हणून तो पुठ्ठ्याच्या दोन चकत्यांमध्ये घालून, वेगळ्या डबीत, यंत्रापासून दूर ठेवायचा, असा गोदामाचा नियम होता.

त्या दिवशी डब्या संपल्या होत्या. कागदाचं भेंडोळंही संपलं होतं, आणि नवं भेंडोळं गोदामाच्या दुसऱ्या टोकाला होतं. बाहेर ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. कानसेनबाईंनी मला हलवून पाहिलं. यंत्र आणि माझी भिंत यांच्यात दोन बोटांची फट होती, तिथून खडखड येत होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तो पांढरा दगड, होता तसा त्याच्या मूळच्या पातळ कागदातच, त्या फटीत उभा सरकवला. अगदी बेतानं बसला. पुन्हा हलवलं. मी गप्प.

“बसला बघा कसा, मापात काढल्यासारखा,” त्या शेजारणीला म्हणाल्या. “एक दिवस चालतं गं.”

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मी फुशारून गेलो. दगड माझ्या बरगडीत रुतत होता, यंत्राचा लोखंडी पाय त्याच्यावर रेलत होता. हे बरं नाही, एवढं मला कळत होतं. मला बोलायला जागाच ठेवली नव्हती, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला समजावत आलो. पण खरं कारण सांगू का? ती थाप मला हवी होती.

प्रवासात काय झालं ते थोडक्यात सांगतो. दोन दिवस ट्रक खड्ड्यांतून चालला. प्रत्येक खड्ड्याला यंत्र दगडावर आदळे, दगड माझ्यावर. शेवटच्या मुक्कामी हमालानं मला फळीवरून ढकललं आणि मी एका अंगावर सपाट पडलो. सपाट पडलं की कोपरा दबत नाही, पुठ्ठा फाटत नाही. पण आत बारीकसा ‘टक्’ असा आवाज झाला. तो फक्त मी ऐकला.

मला मागवणारी होती एका सुताराची मुलगी. वडिलांचीच कारागिरी तिनं उचलली होती. म्हाताऱ्याची बोटं सांध्यांत आखडत चालली होती, लाकूड कोरायची पटाशी हातानं घासून धार लावताना तो ओठ चावायचा. म्हणून तिनं त्याला न सांगता ग्राइंडर मागवलं होतं. त्यांचा कारखाना म्हणजे एक लांबट खोली, वर पत्रा, खाली भुसा, भिंतीला उभ्या केलेल्या फळ्या. मी आत गेलो तेव्हा म्हातारा एका फळीची कड पाहत होता. डावा डोळा मिटून, उजव्या डोळ्यानं, फळी बंदुकीसारखी धरून. ती कड केसभर वाकडी असली तरी त्याला कळत असे. गावभरचे सुतार आपल्या फळ्या त्याच्या उजव्या डोळ्याला दाखवायला आणत.

मुलीनं मला चारी बाजूंनी फिरवून पाहिलं. “बाबा, बांधणी बघा! इतक्या लांबून आलाय आणि साधा ओरखडा नाही.”

मी केवढा खूश झालो म्हणून सांगू!

तिनं यंत्र काढलं, टेबलाला बसवलं. पटाश्यांना बारीक दगड हवा, म्हणून एका बाजूचा दगड उतरवून तिनं तो पांढरा हातात घेतला. आता मित्रांनो, दगड चढवण्याआधी एक रीत असते. मधल्या भोकात बोट घालून दगड लटकता धरायचा आणि एखाद्या हत्याराच्या लाकडी मुठीनं त्याला हलकेच टिचकी मारायची. धड दगड खणखणीत वाजतो. तडा गेलेला बद्द वाजतो. कारण तो दगड मिनिटाला हजारो फेरे घेतो, आणि तडकलेला दगड तेवढ्या वेगात सुटला तर त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात.

“टिचकी मारलीस का गं?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“अहो बाबा, आत्ता तुमच्यासमोर खोका फोडला. कोपरासुद्धा दबलेला नाही. याला काय होणार आहे?”

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी छाती काढून उभा होतो. “तेही खरंच,” तो म्हणाला आणि पुढे वाकला.

“चष्मा लावा आधी.”

“लावतो गं. एकदा फिरताना बघू तरी दे.”

तिनं बटण दाबलं. चार-पाच क्षण सुंदर गुणगुण ऐकू आली. मग एक आवाज झाला आणि म्हातारा भुशात खाली बसला, उजव्या डोळ्यावर हात दाबून.

डॉक्टरांनी तुकडा काढला, डोळाही राहिला. पण नजर गेली. उजव्या डोळ्यानं त्याला आता धुकं तेवढं दिसे. घरी आल्यावर त्यानं सवयीनं फळी उचलली, डावा डोळा मिटला, थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि फळी जागच्या जागी ठेवून दिली. मुलीनं ते पाहिलं. त्या दिवसापासून तिनं एकाही हत्याराला हात लावला नाही. गिऱ्हाईक आलं तर सांगे, “काम बंद आहे.” म्हातारा तिला एका शब्दानं बोलला नाही, आणि तेच तिला सोसवत नसावं. मी कोपऱ्यात उभा होतो, चकचकीत. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

महिन्याभरानं तिनं ग्राइंडर आणि दगडाचे तुकडे माझ्यातच परत बांधले. एकेक तुकडा चिंधीत गुंडाळून, फटीफटीत भुशाच्या पिशव्या भरून. मला इतकं नीट कुणी भरलं नव्हतं. वर एक चिठ्ठी ठेवली: ‘पैसे नकोत, दुसरं यंत्रही नको. खोका चांगला होता म्हणून मी दगड वाजवून पाहिला नाही. दगड आधीच तडकलेला होता की मी चढवताना माझ्याकडून तडकला, एवढंच मला कळवा. माझ्या वडिलांचा डोळा गेला आहे.’

गोदामात सुपरवायझरनं चिठ्ठी वाचली, मला उलटंपालटं केलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. “खोका बघा, नव्यासारखा आहे. म्हणजे माल इथून धड गेला, तिकडेच आपटला असणार.” त्यानं उत्तर लिहायला घेतलं: ‘खोका सुस्थितीत आढळल्याने नुकसान आपल्याकडून झाले असावे.’

मित्रांनो, माझी कीर्ती इथवर पोचली होती. एका पोरीनं आपल्या बापाचा डोळा घालवला, याचा पुरावा म्हणून मला टेबलावर उभं केलं होतं, आणि मी खोटा साक्षीदार होतो.

चिकटपट्टीवरचा बांधणाऱ्याचा नंबर पाहून त्यानं कानसेनबाईंना बोलावलं, नुसती सही करायला. त्यांनी चिठ्ठी वाचली. मग का कोण जाणे, त्यांनी माझ्या आत हात घातला आणि भिंतीवरून तळवा फिरवला. एका जागी हात थांबला. तिथे अर्धगोल खळगा पडला होता, भाकरीच्या कडेएवढा, आणि त्यात पांढरी पूड बसली होती. बाहेरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागला नसता.

“सही करा ना,” सुपरवायझर म्हणाला.

“दगड मी फटीत घातला होता,” त्या म्हणाल्या. “डबी नव्हती म्हणून. यंत्र त्याच्यावर आपटत गेलं.”

“अहो, हळू बोला! कुणाला माहीत आहे का ते? हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता? चौदा वर्षांचं नाव आहे तुमचं.”

बाई सही न करता आपल्या टेबलापाशी परत आल्या. त्या दिवशी त्यांनी खोके बांधले, कानाशी नेले, पण ऐकलं काय देव जाणे. एक खोका तर त्यांनी पाच वेळा हलवला. जेवणाची सुट्टी झाली आणि सगळे उठून गेले, तेव्हा त्यांनी कटर उचलला आणि माझी ती बाजू वरपासून खालपर्यंत कापून काढली. दुखलं का? दुखलं. पण जन्मात पहिल्यांदा मला हलकं वाटलं.

खळग्याभोवती त्यांनी काळ्या पेनानं गोल काढला आणि त्याच्याखाली लिहिलं. मग मला दोन फळकुटांमध्ये बांधून, स्वतः जाऊन टपालात टाकलं. परत येऊन सुपरवायझरला काय सांगितलं, त्यांना ते टेबल राहिलं की गेलं, हे मला ठाऊक नाही. मला ते फार जाणून घ्यायचं आहे, पण मला कोण सांगणार?

सुताराच्या दारात पोस्टमननं मला मुलीच्या हातात दिलं. तिनं दोरी सोडली आणि उभ्या उभ्याच वाचलं:

‘तडा माझ्या हातून गेला, बाई. दगड मी चुकीच्या जागी कोंबला. ही त्याची खूण, बोट लावून बघा. टिचकी मारायची राहिली ती चूक तुमची, ती झाकायला मी खोटं बोलणार नाही. पण तडा माझा आहे, तो तुम्ही घेऊ नका.’

तिनं खळग्यात बोट ठेवलं. ते बोट किती तरी वेळ तिथंच होतं. मग ती आत गेली.

“बाबा, दगड आधीच फुटका होता.”

“मी कधी तुझं नाव घेतलं?”

“तुम्ही नाही घेतलं. मीच घेत होते.”

“आणि मी माझं,” म्हातारा म्हणाला. “टिचकीचं विचारून गप्प बसलो ना मी! चल, ती फळी धर. डाव्या डोळ्याला शिकवावं म्हणतो. तू मला सांग, कुठं चुकतोय ते.”

तिनं फळी धरली. म्हाताऱ्यानं उजवा डोळा मिटला. पहिल्या खेपेला त्यानं सरळ कडेला वाकडी म्हटलं, दुसऱ्या खेपेलाही. तिसऱ्यांदा ती हसली आणि तिचे डोळे भरून आले. दुपारी तिनं गंजलेल्या पटाश्या काढून घासायला घेतल्या.

तेव्हापासून मी इथं आहे. कुणी मला दोष देत नाही. बाईंनी आपला वाटा उचलला, मुलीनं आपला, म्हाताऱ्यानं आपला. माझा वाटा कुणी मागितलाच नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. मित्रांनो, कुणाकडे काही नाजूक पाठवाल तेव्हा फट भरायला कागद घ्या, चिंध्या घ्या. एका नाजूक वस्तूच्या जिवावर दुसरी टेकवू नका. आणि तुमच्या दारी चकचकीत खोका आला, तर त्याच्या तोंडाकडे पाहून भुलू नका. खोका दबला, फाटला, तर हळहळूही नका. धक्का स्वतःच्या अंगावर घेणं हेच त्याचं काम. मी मात्र स्वतःलाच जपत राहिलो. त्या दिवशी माझा एक कोपरा जरी फाटला असता, तर त्या पोरीनं दगड वाजवून पाहिला असता.