राजछत्राची क्लेमेंटीतली नातलग

मित्रांनो, मी एक जुनी छत्री आहे, आणि राजघराण्यातली आहे. मुकुट राजाच्या डोक्यावर बसतो. आमचं घराणं मुकुटाच्याही वर. माझा स्वतःचा जन्म मात्र कारखान्यात झाला आणि सिंगापूरच्या लिटल इंडियातल्या एका दुकानात 'दोन घ्या, तिसरी फुकट' या पाटीखाली मी जगासमोर आले. तिसरी मी.

पहिल्या दोघी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, हरवल्या. मी क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये उरले, कारण मला आबांनी धरून ठेवलं. आबा म्हणजे कमलाकर, पंचाहत्तरी उलटलेले. मुलगा चारुदत्त बँकेत आहे, त्याच्याकडे राहतात. त्यांचा डावा गुडघा कुणाचं ऐकत नाही. डॉक्टरांनी काठी सांगितली, चारुदत्तने चार पायांची चकचकीत आणली. आबांनी तिला खालीवर न्याहाळलं आणि म्हणाले, "टॉवेल वाळत घालायला बरी आहे."

ब्लॉकखाली सकाळी जमणाऱ्या मंडळींसमोर काठी टेकत जायचं म्हणजे म्हातारपणाची जाहिरात. छत्रीचं तसं नाही. सिंगापुरात पाऊस कधीही येतो, म्हणून माणूस छत्री घेऊन हिंडतो आणि हिंडताना ती जरा टेकतो. एवढंच.

आलं ना लक्षात? छत्री दिसते म्हणून मला काठी केलं! आता उघडायची सोय नाही, कारण उघडली तर टेकणार काय? एकदा आबा भर पावसात मला टेकत टेकत, निथळत घरी आले. नात आर्या दारातच तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आबा, अम्ब्रेला गॉट, व्हाय स्टिल सो वेट?"

"वारा फार होता," आबा म्हणाले.

वारा! पानही हलत नव्हतं. माझ्या आठही काड्या रागाने ताठ झाल्या. पण बंद छत्रीचा राग बाहेरून दिसत नाही, हीच तर आमची शोकांतिका.

मग लाँग वीकेंडला बँकॉकची सहल ठरली. राजमंदिरं आणि जुने कालवे, सगळं बोटीने आणि सगळं समजावून सांगत. नेणारी क्षिप्रा. ती वन-नॉर्थच्या प्रयोगशाळांमध्ये संशोधन करते आणि सुट्टीत इथल्या मराठी मंडळींना देशोदेशी हाकते. निघताना चारुदत्त म्हणाला, "आबा, छत्रीची ही शेवटची ट्रिप हं. परत आलो की चूटमध्ये." चूट म्हणजे ज्या भोकातून घरातला कचरा थेट तळमजल्यावर जातो ते. आबांनी माझी मूठ फक्त घट्ट धरली.

राजमंदिरात मूर्तीच्या डोक्यावर पांढरं छत्र होतं. एकावर एक नऊ थर! क्षिप्रा म्हणाली, "हे राजेपणाचं चिन्ह बरं का. बघा, काय रुबाब आहे." सगळ्यांच्या माना वर. मी आतून गहिवरले होते, तेवढ्यात चारुदत्तने मला आबांच्या हातातून घेतलं आणि त्या छत्राकडे बोट दाखवावं तसं माझं झिजलेलं टोक रोखलं. "आबा, ते बघा, ते!" आबा बघत नव्हते. ते एका खांबाला टेकले होते आणि नक्षी बघतोय असं दाखवत होते.

पण खरा अपमान पुढे धक्क्यावर झाला. कालव्याकडे जायला आधी नदीतली, सगळ्यांची मोठी बोट होती. बोट खचाखच, पण पुढची एक रुंद सीट रिकामी. ती रिकामी का, हा प्रश्न सिंगापुरात मुरलेल्या माणसाला पडत नाही. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की टेबल आपलं. याला 'चोप' करणं म्हणतात. पाकीट नसलं तर छत्री चालते. चारुदत्तने चढता चढता आबांच्या हातातून मला ओढलं, सीटवर आडवं टाकलं आणि समाधानाने म्हणाला, "चोप्ड!"

ती सीट भिक्खूंची होती. तसं चित्रासकट लिहिलेलंही होतं. एक वृद्ध भिक्खू चढले, त्यांनी मला पाहिलं आणि हसून उभेच राहिले.

"चारुदादा, छत्री उचला! ती भिक्खूंची जागा आहे," क्षिप्रा ओरडली.

"अगं, आबांसाठी चोप केलीय मी."

"इथे चोप नसतं हो!"

आबा तरंगत्या धक्क्यावर होते. लाट आली की धक्का वर, गेली की खाली. धरायला काही नाही आणि मागे सबंध मराठी मंडळ. आर्याने हात पुढे केला, "आबा, कम, आय होल्ड यू लाह." आबांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. बोटवाल्याची शिट्टी वाजली, मोठी लाट आली आणि गुडघा वाकला.

"चारू! आधी माझी काठी दे!"

सगळ्यांनी ऐकलं. चारुदत्त चक्रावला. "काठी? काठी कुठेय?"

"डॅडी, द अम्ब्रेला लाह!"

त्या भिक्खूंनीच मला दोन्ही हातांनी उचललं आणि मूठ आबांकडे करून पुढे केलं. जन्मात पहिल्यांदा मला कुणी नीट दिलं. आबा चढले. भिक्खू बसले, जरा सरकले आणि शेजारची जागा त्यांनी हाताने थोपटली.

नंतर कालव्यात लांबट होडी होती, पाण्यात उतरलेल्या पायऱ्या होत्या, लाकडी घरं होती. चारुदत्तला त्यातलं काही दिसत नव्हतं. "आबा, इतका त्रास होतो हे मला माहीत नव्हतं."

"तुला माहीत होतं. म्हणून तर ती चार पायांची आणलीस. मलाच माहीत नव्हतं."

घरी आल्यावर काठीवरचे टॉवेल निघाले. मला मात्र चारुदत्त चूटपर्यंत घेऊन गेला होता. मागून आबा म्हणाले, "ठेव ती. डोक्याला ऊन लागतं."

आता एका हातात ती काठी असते आणि दुसऱ्या हातात मी. आणि मित्रांनो, मी उघडी असते!

राग गेला असं समजू नका. खाली जो तो म्हणतो, "वा, काय सुंदर काठी!" इतकी वर्षं तिचं काम मी केलं, ते कुणाच्या खिजगणतीत नाही. म्हणून साऱ्या वस्तूंच्या वतीने बजावते: ज्याचं काम त्याला द्या, आणि आमच्या आडून तुमची दुखणी लपवू नका.

आणि हो, माझ्या एका काडीवरचं कापड सुटलंय, आबांचा खांदा भिजतो. तेवढे दोन टाके घाला. काळा दोरा नसला तर निळाही चालेल.