बनाबाईंनी न घेतलेलं नाव

मित्रांनो, जतच्या एका संस्थेच्या कपाटात पडून असलेला, काच तडकलेला फोन मी. कोरोनाच्या काळात संस्थेच्या पल्लवीताई मला पिशवीत घालून वस्त्यावस्त्यांवर हिंडायच्या. म्हाताऱ्या माणसांची लसीची नोंदणी माझ्यावरूनच व्हायची. "लय गुणाचा हाय गं ह्यो," म्हणत आज्या माझ्यावरून हात फिरवायच्या आणि मी फुशारून जायचो.

धनगरवस्तीवरच्या बनाबाईंचे मालक जोतीराम सांगलीच्या एका दवाखान्यात दाखल झाले. भेटायला कुणालाच सोडत नव्हते. सकाळी अकराला तिथून व्हिडिओ कॉल यायचा, एका घराला एक मिनिट. आसपासच्या सात पेशंटांच्या घरच्यांसाठी माझाच नंबर दिलेला होता. पल्लवीताईंनी दोन दिवस खपून बनाबाईंना कॉल उचलायला शिकवलं. तिसऱ्या दिवशी मला त्यांच्याजवळ ठेवून ताई शेजारच्या वस्तीवर तापाचे पेशंट बघायला गेल्या.

कॉल आला. बनाबाईंनी झटक्यात उचलला. मला केवढा आनंद झाला!

"पेशंटचं नाव सांगा," नर्सबाई म्हणाल्या.

बनाबाईंनी पदर तोंडाशी धरला. लग्नातला उखाणा सोडला, तर पन्नास वर्षांत त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं.

"आमचं मालक हायती. राहीचा बा."

"मावशी, इथं चाळीस जण आहेत. नाव काय?"

"आवं, उंच हायती, मिशा हायती. तुमीच वळखा की!"

"नाव सांगा हो, लवकर!"

मिनिट संपलं. नर्सबाईंना पुढच्या घराला फोन लावायचा होता. नाव माझ्यात लिहिलेलं होतं, पण मला बोलता कुठे येतं?

दुसऱ्या दिवशी कॉल नऊलाच आला. जोतीराम गेले होते. "समदं शिकवलं, आन् नाव इचारतील एवढं सांगायचं ऱ्हायलं," म्हणत पल्लवीताई ढसाढसा रडल्या.

बनाबाई रडल्या नाहीत. त्यांनी मला तोंडाजवळ धरलं आणि स्पष्ट म्हणाल्या, "जोतीराम." मग पुन्हा म्हणाल्या, "जोतीराम. आता तरी दावा की."

पलीकडे कुणी नव्हतं.

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्यांना फोन जरूर शिकवा. बटणं त्यांना लवकर येतात. पण पलीकडचं माणूस घाईत असतं, तेव्हा त्यांच्या शेजारी कुणीतरी बसलेलं असू द्या. बनाबाईंजवळ त्या मिनिटाला फक्त मी होतो.