खडखड्याचा उतार

डोंगरातल्या सायकलवाटेची देखभाल मावशीकडे होती आणि मावशीचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. सगळे सायकलवाले तिला मावशी म्हणत, पण ती खरी मावशी एकाच पोरीची, भिंगरीची. बहीण गेल्यावर तिनंच त्या पोरीला लहानाचं मोठं केलं होतं. भिंगरी आता बावीस वर्षांची झाली होती. तरी ती सायकलवर बसली की मावशी दारात येऊन उभी राहायची, ती दिसेनाशी होईपर्यंत.

या वाटेवर शंभर पावलांचा एक उतार होता. तिथे मुठीएवढे दगड जमिनीतून वर आलेले. सायकल वरून गेली की दातांवर दात आपटायचे, म्हणून नाव पडलं खडखड्या. त्याच्यावरून सायकलवाल्यांत उभे दोन तट पडले होते. पोस्टमन म्हणायचा, "दगड नकोत, चढ नकोत, मग घरातल्या घरात चालवा की सायकल!" बेकरीवाला म्हणायचा, "अहो, मला पहाटे चारला उठून पीठ मळायचं असतं. मनगटं गेली तर पाव काय कोपरांनी करू?" बैठकीत दोघं एकमेकांवर असे तुटून पडायचे की चहा गार व्हायचा.

निकाल शेवटी मावशीनंच लावला. गेल्या वर्षी याच खडखड्यावर भिंगरीचं खांद्याचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून त्या दगडांवर मावशीचा दात होता.

"त्याला हात लावू नकोस," भिंगरी म्हणाली होती. "मला तिथला दगड न् दगड पाठ आहे."

"हाडही पाठ होतं ना? मोडलंच की!"

झालं. पंधरा दिवस मावशी उतारावर राबली. टिकावानं दगड उपसले, घमेल्यानं मुरूम टाकला, पाणी मारलं आणि धुम्मस उचलून उचलून माती अशी ठोकून बसवली की वरून हात फिरवावासा वाटावा. बेकरीवाल्यानं येऊन पाहिलं आणि चक्क हात जोडले. पोस्टमननं तोंड वाकडं केलं. भिंगरीनं दोन दिवस मावशीच्या हातचं जेवण घेतलं नाही.

माती पक्की होईपर्यंत मावशीनं तिथे कुणाला चाक टेकवू दिलं नव्हतं, आणि आज निवडीचा दिवस होता. दर दोन मिनिटांनी एकेक जण वरून सुटणार, आठांतले सर्वांत वेगवान तिघे मोठ्या शर्यतीला जाणार. बेकरीवाला पाचवा, भिंगरी सहावी. तिनं वर्षभर याच दिवसासाठी घाम गाळला होता. मावशी खडखड्याच्या पायथ्याच्या वळणावर लाल झेंडा घेऊन उभी होती. वळणाच्या पलीकडे दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी खोल घळ. झेंडा दिसला की स्वारानं थांबायचं, हा नियम. मात्र थांबला की त्याची धाव बाद, आणि दाखवणाऱ्यानं सगळ्यांसमोर कारण द्यायचं.

पहिला आला तो सुसाट. मावशीची छाती फुगली. बघा म्हणावं, याला वाट म्हणतात! दुसराही तसाच. तिसऱ्याचं मागचं चाक वळणावर फरफटलं. नवशिका असेल, मावशी मनाशी म्हणाली.

चौथा पोस्टमन. तो काही नवशिका नव्हता, वीस वर्षं या डोंगरात घासलेला माणूस. तो उतारावरून असा आला की मावशी दोन पावलं मागेच सरकली. वळणावर त्याची सायकल आडवी झाली, त्यानं पाय टेकला, खडी उडाली आणि जेमतेम तोल सावरून तो पुढे गेला. जाता जाता ओरडला, "मावशी, जीव घ्यायला निघालात का आमचा!"

मावशीनं वाकून चाकाची खूण पाहिली. घळीची कड आणि खूण यांच्यात चार बोटांचं अंतर होतं.

अगं बाई गं! दगड होते तेव्हा प्रत्येकजण उतारावर आपसूक हळू व्हायचा. कुणाला ब्रेक दाबा म्हणून सांगावं लागत नव्हतं, दगडच सांगत होते. ते तिनं उपसून टाकले होते. आता सगळे मोकळ्या वेगानं थेट वळणावर येत होते आणि वळण मात्र होतं तेवढंच अरुंद. सहावी भिंगरी, आणि ती या सगळ्यांहून वेगवान.

पायथ्याशी झेंडा दाखवून उपयोग नव्हता. तिथे दिसेपर्यंत थांबायला जागाच उरत नव्हती. फोनला घळीपाशी रेंज नव्हती. मावशीनं पदर खोचला आणि उतारावरून वर पळत सुटली. पन्नाशी उलटलेली बाई, छाती भात्यासारखी वरखाली होत होती, पण ती पोचली. उताराच्या माथ्यावर उभी राहिली न राहिली तोच झाडांमधून बेकरीवाला दिसला.

वेळ होता. त्याला थांबवायला पुरेसा वेळ होता, हे नीट लक्षात ठेवा. झेंडा हातात होता. हात वर करायचा, बस्स.

पण त्या क्षणी तिच्या मनात काय काय आलं! हा थांबला तर धाव बाद, की मग कारण द्यायचं. कारण काय, तर माझी वाट चुकली. पोस्टमन महिनाभर टाळ्या पिटणार. आणि हा तर जपून चालवणारा माणूस, दोन पोरांचा बाप, हा कशाला वेग घेतोय? भिंगरी आली की दाखवू. दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे.

तिनं झेंडा पाठीमागे धरला.

"झकास, मावशी!" बेकरीवाल्यानं अंगठा दाखवला आणि उतारावर सायकल सोडली. तिनं कान टवकारले. ब्रेकचा आवाज येईल, आत्ता येईल. आलाच नाही. जपून चालवणाऱ्या माणसानं पहिल्यांदाच तिच्या मातीवर भरवसा टाकला होता. मग खाली धाडकन काहीतरी आदळलं आणि दगड घरंगळत गेल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"भाऊ!" मावशी किंचाळली.

घळीतून कण्हणं ऐकू आलं. जिवंत होता. तिचा एक पाय खाली वळला आणि तिथेच अडला. ती उतरली तर भिंगरीला कोण थांबवणार? ती कण्हणं ऐकत तशीच उभी राहिली, आणि ती दोन मिनिटं काही केल्या सरेनात.

भिंगरी दिसताच मावशीनं दोन्ही हातांनी झेंडा नाचवला. सायकल करकचून तिच्या पुढ्यात थांबली.

"वाट मोकळी आहे! का थांबवलंस?"

"बेकरीवाला घळीत पडलाय."

भिंगरीनं पुढचं ऐकलंच नाही. गळ्यातली शिट्टी तीनदा फुंकून तिनं वरच्यांना सगळं थांबवायची खूण केली, सायकल टाकली आणि धावत सुटली. मावशी मागोमाग.

बेकरीवाला खडकाला टेकून बसला होता. उजवा हात मनगटापासून भलतीकडेच वळलेला, चेहरा पांढराफटक. भिंगरीनं आपल्या जर्सीवरचं जाकीट काढून हाताला आधार बांधला. मावशीनं त्याचा डावा हात घट्ट धरला.

"घाबरू नका, मावशी," तो दात आवळून म्हणाला. "चूक माझीच. ब्रेक लावायचाच राहिला. तुम्ही एवढी सुरेख वाट केली, तुमच्यावर कशाला खापर फोडायचं?"

मावशीला रडू फुटलं. भिंगरी गाठ मारता मारता थांबली.

"मावशी, तू वर होतीस ना? मला झेंडा दाखवलास. यांना का नाही दाखवलास?"

"अगं पोरी, तोवर पोचल्या नसतील त्या," बेकरीवालाच म्हणाला. "वय झालंय त्यांचं."

किती सोपं होतं! नुसती मान हलवायची होती. कुणी पुन्हा विचारलं नसतं. मावशीनं त्याच्याकडे पाहिलं, त्या वाकड्या हाताकडे पाहिलं, आणि तिची मान काही हलेना.

"पोचले होते," ती म्हणाली. "तुम्ही अंगठा दाखवलात तेव्हा झेंडा माझ्या हातात होता. वळण धोक्याचं झालंय हेही मला कळलं होतं. सांगायची लाज वाटली. म्हटलं, तुम्ही जपून जाल. पोरीला तेवढं थांबवू."

बेकरीवाल्यानं आपला डावा हात तिच्या हातातून सोडवून घेतला.

"माझ्या घरी फोन लावशील?" त्यानं भिंगरीला विचारलं.

"लावते, काका. वर रेंज मिळेल." भिंगरी उठली आणि मावशीकडे न बघता घळ चढून गेली.

मावशीनं पाण्याची बाटली उघडून पुढे केली. त्यानं घेतली नाही.

"तुम्ही जरा तिकडे लांब बसा," तो म्हणाला.

मावशी उठली आणि त्यानं दाखवलं तिथे जाऊन बसली.