मृदंगावर कोण?

“यात मृदंग कुठे आहे?” कोमलवल्लींनी विचारलं.

दुकानातल्या इलंगोची कळी खुलली. “हे ऐका मामी, थाप कशी थेट छातीवर येते!” त्याने गाण्याच्या यंत्राचा आवाज वाढवला.

“आवाज नाही रे बाबा, नाव. मृदंगावर कोण आहे ते कुठे दिसतं?”

इलंगोने पडद्यावरून बोट फिरवलं. गायिकेचं नाव, तिचा हसरा फोटो, राग, साल, सगळं होतं. मृदंगवाला नव्हता.

“तेवढं कोण बघतं, मामी?”

“मी बघते. दुसरं दाखव.”

शनिवार होता. दिवाबत्ती, पाठ उरकून कोमलवल्ली नुसत्या ताकावर मैलापूरच्या त्या दुकानात आल्या होत्या. त्यांचे यजमान तिरुवेंगडम दिवसा वीज मंडळात कारकून आणि संध्याकाळी मृदंगाचे साथीदार. मोठ्या गवयांचे नव्हेत. ठरलेला मृदंगवाला आयत्या वेळी तापाने पडला की यांना बोलावणं यायचं. अशी पस्तीस वर्षं गेली. आता हात कापतात, मृदंग खोळीत गेला. उरल्या एकशे सेहेचाळीस कॅसेटी. भावाच्या मुलाने, मुकुंदनने, त्या संगणकावर उतरवून दिल्या होत्या आणि आता त्या घरात साठवून वाजवणारं यंत्र घ्यायचं होतं. मुकुंदनच्या मते कुठलंही चाललं असतं. पण परवा त्याच्याच संगणकावर कोमलवल्लींनी यजमानांचं नाव टाकून पाहिलं, तर उत्तर आलं, काही सापडलं नाही. जन्मभर वाजवलेला माणूस स्वतःच्याच मैफलींत सापडू नये, हे त्यांना फार लागलं होतं.

दुसरं यंत्र देखणं होतं, पण त्यातही गवईच. तिसरं इलंगोने नाइलाजानेच खालच्या फळीवरून काढलं.

“जुनं मॉडेल आहे. दिसायला डबा. पण यात प्रत्येक वादकाला वेगळा रकाना आहे. नाव टाकलं की त्याच्या सगळ्या मैफली समोर. फक्त नावं तुमची तुम्ही भरायची. चिकाटी लागेल, मामी.”

“बेचाळीस वर्षं शनिवार करतेय मी,” त्या हळूच म्हणाल्या.

सोबत आलेला मुकुंदन हसला. “अण्णा, बिल करा. तुम्ही हरलात.”

“थांब. आधी वाजवून दाखव.”

इलंगोने मुकुंदनने आणलेली एक मैफल लावली. शेवटचे स्वर संपत आले तशा कोमलवल्ली पदर सावरून बसल्या. आता गाणं थांबणार, आणि मृदंग एकटा बोलणार. तनी.

पण सुरू झालं ते थेट पुढचं गाणं.

“तनी कुठे गेली?”

मुकुंदन चपलांकडे बघू लागला. “अत्तै... ती मी कापली.”

“या एकाच मैफलीतली?”

“सगळ्याच.”

“का रे?”

“तनी लागली की मैफलीतले सगळे कँटीनला जातातच ना. आमचे आप्पा तर बोंडा गरम मिळावा म्हणून आधीच उठायचे. मला वाटलं, तेवढं कुणी ऐकत नाही.”

इलंगोने न सांगता यंत्र बंद केलं.

खुर्च्या सरकण्याचा तो आवाज कोमलवल्लींना पाठ होता. पस्तीस वर्षं त्या पहिल्या रांगेत बसत होत्या, आणि मागचं सभागृह रिकामं होत असताना समोर यजमान खाली मान घालून वाजवत होते.

“कॅसेटी आहेत?”

“आहेत. माळ्यावर.”

“मग पुन्हा कर.”

“अत्तै! चार महिने लागतील!”

“लागू देत. जेवणाचा डबा मी पाठवीन. बोंडा नाही मिळायचा.” मग त्या इलंगोकडे वळल्या. “हाच डबा दे.”

चारचे पाच महिने झाले. रोज तिन्हीसांजेचा दिवा लावून झाला की कोमलवल्ली यंत्रापुढे बसत आणि एकेका मैफलीची नावं भरत. गाणं, व्हायोलिन, मृदंग. आठवायचं काम यजमानांचं.

“मृदंगवाल्याला कोण शोधायला येणार आहे, कोमलम?” ते आरामखुर्चीतून म्हणत.

“कुणी येवो न येवो. आला तर सापडायला नको?”

शेवटची मैफल मन्नारगुडीची निघाली. तनी आता अख्खी होती, आणि तिच्यात मृदंगाला कुणीतरी मातीच्या घटावर उत्तर देत होतं.

“घटमवर कोण?”

तिरुवेंगडम ऐकत राहिले. “उंच, वयस्क माणूस. फुटेल म्हणून बसमध्ये घट मांडीवर घेऊन आला होता. हे बघ, इथे मी चुकलो. ऐकलंस? त्याने कसं झाकून घेतलं! कुणाला कळलं नाही.”

“नाव काय?”

त्यांनी डोळे मिटले. पुष्कळ आठवून पाहिलं. मन्नारगुडीला फोन लावला. त्या मैफलीतले व्हायोलिनवाले वारले होते, त्यांच्या मुलीला काही ठाऊक नव्हतं.

“मग एवढी ओळ काढून टाकते,” कोमलवल्ली म्हणाल्या.

“नको.” तिरुवेंगडम आरामखुर्चीतून पुढे वाकले. “जागा राहू दे त्याची.”

कोमलवल्लींनी ‘घटम’ लिहिलं, पुढे काहीच लिहिलं नाही, आणि पान यंत्रात जतन केलं.