गल्लीच्या वतीने

त्या गल्लीत एक जुना दंडक होता: बाहेर बोलायचं ते एकानेच. कधीकाळी पाण्याची तक्रार घेऊन सगळी गल्ली नगरपालिकेत गेली होती आणि तिथे सगळे एकदम इतके बोलले, की कारकुनाने कोपरापासून हात जोडून सगळ्यांना बाहेर काढलं. तेव्हापासून बोलायचं काम बाइंडरकडे आलं. दिवसभर पुस्तकं बांधणारा माणूस, त्याला बोलता येत असणारच, असा गल्लीचा सरळ हिशेब. गल्लीने त्याचं नाव 'वकील' ठेवलं. त्यानेही वरवर 'कशाला उगाच' म्हणत ते मिरवलं.

नव्या प्रभागांचा नकाशा पालिकेच्या भिंतीवर लागला, तेव्हा पहिल्यांदा बघायला गेला तोही वकीलच. रेघ नेमकी गल्लीच्या मधून, उघड्या गटारावरून गेली होती. आजवर सगळी गल्ली बाजार प्रभागात होती. आता डावीकडची घरं तिथेच राहणार आणि उजवीकडची दवाखाना प्रभागात जाणार.

"म्हणजे गटार कोणाचं?" सलूनवाल्याने विचारलं.

"घाण डावीकडच्यांची, वास उजवीकडच्यांचा," शिकवणीच्या बाई म्हणाल्या आणि सगळे हसले.

वकिलाला हसू आलं नाही. गटार बुजवून बंद पाइप टाकायचं काम बाजार प्रभागाच्या नगरसेवकाने नुकतंच मंजूर करून आणलं होतं. गल्लीचे दोन तुकडे झाले, की ते लोंबकळत पडणार. गल्ली उताराची आणि सगळ्यात खालची खोली वकिलाची. गटार तुंबलं की पहिलं पाणी त्याच्या उंबऱ्याच्या आत. मग दार लावून तो आणि बायको गुपचूप पाणी उपसायचे, भिजलेले पुठ्ठे मोरीत उभे करून ठेवायचे. हे त्याने बाहेर कधी बोलून दाखवलं नव्हतं. चारचौघांसाठी भांडणाऱ्याने आपलं रडगाणं मध्ये आणू नये, असं त्याचं मत होतं. मत चांगलं होतं, पण खोली ओली ती ओलीच. या खेपेला मात्र रेघ हलवायचीच, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

नकाशावरच्या हरकतींच्या सुनावणीला तो इस्त्रीचा शर्ट घालून एकटाच गेला. सभागृहात बघतो तर मागची गल्ली झाडून सगळी आलेली. मागची गल्ली म्हणजे दोन सख्ख्या भावांचं एका कपात चहा पिण्याइतकंही जमत नाही, अशी तिची ख्याती. कोणी पार्किंगवरून रडत होतं, कोणी शाळेवरून, एक आजोबा तर शेजाऱ्यावरच घसरले. पण रेघ आमच्या दारातून नको, पुढच्या गल्लीतूनच जाऊ द्या, हे प्रत्येकाने आपापलं सांगितलं. चष्मा कपाळावर सारून अधिकारीबाई एकेकाचं लिहून घेत होत्या.

वकिलाचा नंबर आला. तो छान बोलला. अख्खी गल्ली होती तशी बाजार प्रभागात ठेवावी, हे त्याने इतकं मुद्देसूद मांडलं, की मागच्या गल्लीचे ते आजोबासुद्धा गप्प बसले.

"एक हरकत," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या.

"एक नाही, बाई. मी गल्लीच्या वतीने बोलतोय."

"गल्ली कुठे आहे?"

वकिलाने वळून पाहिलं. त्याच्यामागे रिकाम्या खुर्च्या होत्या.

"सुनावणी संध्याकाळपर्यंत आहे," बाई म्हणाल्या. "ज्याचं त्याने सांगू दे. नाहीतर इतक्या सगळ्यांपुढे तुमची एकट्याची हरकत टिकायची नाही."

त्याने घाईघाईने बायकोला फोन लावला. तासाभरात गल्ली हजर. सलूनवाला खांद्यावरच्या टॉवेलसकट आला होता. गल्ली तोडू नका, हे सगळ्यांनी सांगितलं आणि वकिलाच्या जिवात जीव आला. मग त्याची बायको उठली.

"गल्ली एकत्रच ठेवा," ती म्हणाली, "पण दवाखाना प्रभागात घाला."

वकिलाला वाटलं, बावरली असेल. पण ती बावरली नव्हती. "सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. पाठीला जखमा झाल्यात. दवाखान्याची घरी येणारी नर्स त्या प्रभागातल्याच घरांना मिळते. मी एकटी किती दिवस कुशी वळवू?"

शिकवणीच्या बाईंनी मान हलवली. त्यांच्या बहिणीचे दिवस भरत आले होते. सलूनवाल्याने आपली शुगर काढली. बघता बघता सगळे दवाखान्याच्या बाजूचे निघाले.

वकिलाला राग आला. चारचौघांत नाक कापल्यासारखं झालं. दवाखाना प्रभागात गेलं की पाइपाचं काम पहिल्यापासून, म्हणजे आणखी किती पावसाळे पाणी उपसायचं कोण जाणे. पण आई त्याची होती, आणि जखमा रोज बायको पुसत होती. तिला काय हवंय हे तो पहिल्यांदा ऐकत होता, तेही सरकारी सभागृहात. त्याची त्याला लाज वाटली.

"तुम्ही गल्लीतर्फे बाजार प्रभाग म्हणाला होतात," अधिकारीबाई म्हणाल्या. "बदलायचं का?"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. 'हो, आमचं सगळ्यांचं दवाखान्याचंच' म्हटलं असतं, तर अब्रू राहिली असती.

"ते खोडा," तो म्हणाला. "मी गल्लीला विचारलंच नव्हतं. माझं एकट्याचं लिहा. मला बाजार प्रभागच हवाय. पाइप तिथून मंजूर झालाय. माझी खोली सगळ्यात खाली आहे, गटाराचं पाणी घरात येतं, माल भिजतो. बाकीच्यांचं त्यांनी सांगितलंय. ते जास्त आहेत, कळतंय मला."

घरी जाताना बायकोने विचारलं, "रागावलात?"

"हो."

"मग?"

"मग काय? आईला नर्स मिळेल."

निकाल तसाच लागला. गल्ली अखंड राहिली, दवाखाना प्रभागात गेली. नर्स यायला लागली, आईच्या जखमा सुकायला लागल्या. पाइपाचा अर्ज नव्या नगरसेवकाकडे पहिल्यापासून करावा लागला.

मग एका दुपारी धो धो पाऊस झाला आणि गटार फुगलं. वकिलाने सवयीने दार लावून घेतलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. तेवढ्यात दार धडधडलं. उघडून बघतो तो बाहेर बादली घेऊन सलूनवाला, ताडपत्री घेऊन शिकवणीच्या बाई आणि मागे आणखी चारपाच जण.

"अरे, इतकी वर्षं हे चाललंय आणि आम्हाला पत्ता नाही," सलूनवाला ओरडला. "सांगायला तोंड नव्हतं का तुला?"

"होतं," वकील म्हणाला, "पण ते तुम्हाला दिलं होतं."

सलूनवाल्याने आत येऊन कागदाचा पहिला गठ्ठा उचलला आणि कुठे ठेवू, म्हणून विचारलं.