थंड हलगीची दवंडी

ऐका हो ऐका! अशी आरोळी ठोकायची माझी जन्माची सवय. पण आज आरोळी नाही. जरा जवळ या, हळू आवाजात सांगते. मी हलगी बोलतेय. अंबड तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत, मोडक्या बाकड्यांच्या वर खिळ्याला टांगलेली. माझ्या पोटाला ही एवढी मोठी चीर आहे. चिरेची मला लाज वाटत नाही. ज्याची वाटते तेच सांगायला तोंड उघडलंय.

जालना जिल्हा झाला, त्याच साली मी झाले. नाल्यापलीकडच्या धनगरवस्तीवरच्या एका बोकडाचं कातडं पंचायतीनं घेतलं आणि जुन्या जालन्यातल्या कारागिरानं ते लोखंडी कड्यावर असं ताणलं, की नुसतं बोट लागलं तरी मी खणकन बोलायचे. कडेला तांबूस केसांचा एक पुंजका राहून गेला होता. कारागीर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, नजर लागनार न्हाई."

माझी पहिली दवंडी मला अजून पाठ आहे. पंचायतीचा शिपाई कचरू मला गळ्यात अडकवून निघाला आणि ओरडला, "ऐका होऽ! आजपासून आपला जिल्हा जालनाऽ! औरंगाबादचे खेटे बंदऽ!" पारावरच्या एका म्हाताऱ्यानं त्याला थांबवलं. "जिल्हा जवळ आला ते बराबर हाय, पन आपलं गाव हाय तिथंच हाय ना?" सगळे खो खो हसले. मीही हसले असते, पण मला काठी पडल्याशिवाय हसता येत नाही.

कचरू मला फार जपायचा. वाजवण्याआधी काटक्यांचा जाळ करायचा आणि मला चांगली शेकायचा. हलगी शेकली की कातडं ताणलं जातं. मग आवाज असा कडकडीत निघतो, की नाला ओलांडून धनगरवस्तीवर जातो. न शेकलेली हलगी म्हणजे ओल्या गोणीवर काठी मारावी तशी, भद्द भद्द. शेजारच्या गल्लीलासुद्धा पत्ता लागत नाही.

म्हैस हरवली तरी मी, रॉकेल आलं तरी मी, डोस पाजायला डॉक्टर आले तरी मी. माझ्यावाचून गावाचं पान हलत नव्हतं. काय सांगू, चढूनच गेले होते मी!

पंचायतीच्या भिंतीवर टांगल्या टांगल्या मी राज्यकारभारही शिकले. ग्रामसेवक त्रिंबकराव नव्या मेंबरांना समजावून सांगायचे, "दिल्लीत संसद, मुंबईत विधानसभा. तिथं तुम्ही निवडून दिलेले लोक बसतात. ग्रामसभेत मात्र तुम्ही स्वतः बसता. यादीत नाव असलेला प्रत्येक जण. सरपंचसुद्धा तिथं जबाब द्यायला बांधील." मेंबर माना डोलवायचे आणि चहा आला का बघायचे. मला मात्र ते फार पटलं. एवढ्या मोठ्या सभेचं आवतण माझ्या तोंडून जातं, म्हणजे केवढा मान माझा!

मग सर्जेराव सरपंच झाला. तसा वाईट माणूस नव्हता. कुणाच्या लग्नात, कुणाच्या मयतीत सगळ्यांच्या आधी हजर. पण चार माणसं एकत्र बसून प्रश्न विचारायला लागली की त्याला घाम फुटायचा. एक दिवस तो कचरूला म्हणाला, "हलगी शेकायला कशाला येळ घालवतो? जल्दी उरकत जा. पारापासून हितवर वाजीव, बस्स. दवंडी झाली म्हंजे झाली."

कचरू म्हणाला, "पन मालक, नाल्यापल्याड..."

"त्येंला काय करायचं सभेचं? मेंढरं सोडून येनार हायेत का?"

कचरूची नोकरी सरपंचाच्या शब्दावर. त्या दिवशी भर दुपारी, माणसं शेतात असताना, त्यानं मला तशीच गार उचलली आणि पाराभोवती फिरवली. भद्द भद्द. पारावरचं कुत्रं तेवढं उठून बसलं.

सभेला सरपंचाची पाच-सहा माणसं. ग्रामसभेला ठरावीक माणसं हजर असावी लागतात, त्याला गणपूर्ती म्हणतात. ती झाली नाही म्हणून सभा तहकूब. आणि गंमत बघा, तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्ती लागत नाही! कायदा केला सोयीसाठी, आमच्या गावानं त्यातून पळवाट काढली. पुढच्या वेळी तीच पाच-सहा माणसं आली, हात वर केले, चहा प्याली आणि साऱ्या गावाचा निर्णय झाला. मग दर सभेला हेच. त्रिंबकराव मान खाली घालून लिहायचे. मी भिंतीवरून बघायचे आणि मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

अशी वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात गावाला सरकारी बोअर मंजूर झालं. एकच. वस्तीवरच्या बाया तेव्हा नाल्यात झिरा उकरून वाटीवाटीनं घागर भरत होत्या. जागा ग्रामसभेनं ठरवायची होती. सर्जेरावनं ती मनात केव्हाच ठरवलेली, पाराजवळ, त्याच्या वाड्यासमोर. माझी थंड दवंडी फिरली, सभा तहकूब झाली, आणि पुढची सभा बाजाराच्या दिवशी ठेवली.

बोअरची कुणकुण लागली म्हणून वस्तीवरची गोजरबाई पंचायतीत आली. साठीची, ताठ कण्याची बाई. तिची सून सोनूबाई पोटुशी होती, दिवस भरत आले होते, आणि रोज झिऱ्याशी वाकून बसत होती.

"सरपंच, सभा कवा हाय?" गोजरबाईनं विचारलं.

"झाली की. तहकूब झाली. आता बाजाराच्या दिवशी."

"आमाला कुनी सांगितलं न्हाई."

सर्जेरावनं हसत माझ्याकडं बोट केलं. "दवंडी दिल्ती. विचारा की त्या हलगीला!"

देवा, त्या वेळी धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. खोट्याला साक्षीदार म्हणून मला उभी केली, आणि काठीशिवाय मी मुकी.

गोजरबाईनं माझ्याकडं पाहिलं. मग शांतपणे पुढं आली आणि मला खिळ्यावरून काढलं. "बरं. घरी नेऊन विचारते."

कचरू दारात उभा होता. त्यानं तिला अडवलं नाही. उलट माझ्या दोन्ही काठ्या तिच्या हातात दिल्या.

घरी तिनं मला मांडीवर घेतलं आणि तिचा हात कडेच्या पुंजक्यावर थांबला. "अगं बया! सोने, हे तर आपल्या तांबड्या बोकडाचं कातडं!" तिनं मला थोपटलं आणि रागानं नाही, खरंच नवल वाटून विचारलं, "घरची असून आम्हालाच आवाज दिला न्हाईस व्हय गं?"

नुसतं मारलं असतं तर बरं झालं असतं. तो प्रश्न आजही माझ्या कातड्यात रुतून बसलाय.

सभेच्या दिवशी तांबडं फुटताच तिनं मला चुलीवर शेकायला घेतलं. सोनूबाई घाबरली. "आत्याबाई, बाईमानसानं हलगी वाजवायची असती का?"

"पानी बाईमानसानं भरलेलं चालतंय ना? मंग हेबी चालंल."

तिला ना ताल ठाऊक, ना काठी धरायची रीत. पण अशी शेकली होती मला, की पहिल्याच टोल्याला नाल्याचे दोन्ही काठ घुमले. वस्ती, मळे, गावातल्या गल्ल्या, सगळीकडं फिरली. "ऐका होऽ! बाजार ऱ्हाऊ द्या, सभेला चलाऽ! बोअर कुठं घ्यायचं ते आपुन ठरवायचंऽ!" बैलगाड्या जुंपून बाजाराला निघालेली माणसं माघारी फिरली. बाया तर रिकाम्या घागरी घेऊनच आल्या.

सर्जेराव लाल झाला. "बाईनं हलगी वाजवली! काही रीत हाय का न्हाई?"

"गड्यानं शेकून वाजवली असती, तर मी कशाला वाजवली असती?" गोजरबाई म्हणाली.

सरपंच म्हणाला, पाराजवळची जागा मध्यवर्ती आहे. गोजरबाई उठली. "पाराजवळ येक हापसा हायच की. दोन हापसे येकमेकांशी गप्पा मारनार व्हय?" सगळी सभा हसली. मग हात वर झाले. वस्तीचे झाले, आणि गावातल्या बायांचेही झाले. बोअर वस्तीला गेलं.

उठता उठता सर्जेराव तिला म्हणाला, "आधी सांगायचं व्हतं. दिलं असतं की."

"द्यायला तुमचं कुठं हाय ते? आन पानी न्हाई दिलं याचं दुःख नव्हतं, सर्जेराव. बोलावलं न्हाई, याचं व्हतं."

मी तिच्या काखेत होते. जास्तच शेकल्यामुळं माझं पोट तेव्हाच उलत चाललं होतं. संध्याकाळपर्यंत ही चीर पडली. सोनूबाईला पुढं मुलगी झाली, तिला पहिली आंघोळ हापशाच्या पाण्यानं घातली, असं कचरू मला सांगून गेला.

आता पोरं मागच्या खोलीत आली की मला दाखवतात, "हीच ती, गोजरबाईची हलगी!" मला तोंड लपवावंसं वाटतं. मी तिची एकच दिवस होते, बाकी सगळी वर्षं सर्जेरावची. हे पोरांना कोण सांगणार?

हल्ली दवंडी मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यावरून होते. दोन भोंगे आहेत. एकाचं तोंड पाराकडं, दुसऱ्याचं बाजारगल्लीकडं. परवा ग्रामसभा झाली. वस्तीवरचं कुणीच आलं नाही. "पुकारलं होतं की भोंग्यावरून," नवा सरपंच म्हणाला. आवाज बदलला, बोली तीच.

माझं तर आता संपलंय. फाटक्या कातड्याला कितीही शेका, ते बोलायचं नाही. पण तुम्हाला हात आहेत. एक शिडी आणा, देवळावर चढा आणि एका भोंग्याचं तोंड नाल्याकडं फिरवा. गोजरबाई फार म्हातारी झालीय. पण हापशाच्या ओट्यावर बसून अजून गावाकडं कान देते म्हणे, कुणी बोलावतंय का ते ऐकायला.