भैरोबाची नजर

ही गोष्ट एकोणीसशे पंचावन्न सालची. पिंपरीच्या माळावर मोजणीवाल्यांनी कारखान्याचे खुंट ठोकले होते. ज्वारीच्या रानांतून जीपगाड्या धुरळा उडवत फिरत होत्या, आणि गावातल्या जुन्या माणसांना अजून वाटत होतं की हे चार दिवसांचं आहे, जाईल निघून.

त्या वेळी पुण्यात शनिवार पेठेत यशवंतराव नावाचे एक फोटोग्राफर राहत. पोटासाठी ते लग्नामुंजीचे फोटो काढत. जीव मात्र देवस्थानांत अडकलेला. तोही मोठ्या देवळांत नव्हे. बांधावरचा म्हसोबा, डोहाकाठच्या साती आसरा, घाटातली वाघजाई, अशा जागा ते तरुणपणापासून शोधत हिंडले. लाकडी कॅमेऱ्याची पेटी हातात, तिपाई खांद्यावर. हवी तशी तिरीप पडेपर्यंत दिवसचे दिवस बसून राहत. त्यांच्या पत्नी यशोदाबाई म्हणत, "देव भक्ताची परीक्षा बघतो म्हणतात. इथे उलटंच चाललंय!"

एवढं हिंडूनही एका देवाने त्यांना दाद दिली नव्हती. पिंपरीच्या शिवेवरचा भैरोबा. डोक्यावर लिंबाचं झाड, खाली दगडी चौथरा, आणि पिढ्यान् पिढ्यांच्या शेंदराने इतका फुगलेला देव की नाकडोळेही कळू नयेत. त्याची पूजा अंबूबाई गुरवीण करी. नवऱ्यामागे तिनेच देव सांभाळला होता. यशवंतराव दर चैत्रात जात. ती त्यांना गूळपाणी देई आणि दरवेळी तेच सांगे, "बसा, पाया पडा. पर त्यो डबा झाकूनच ठिवा. देवाकडं कुणी टक लावून बघू न्हाई. बघायचं काम त्येचं हाय, आपलं न्हवं."

आणि त्या मार्गशीर्षात तीच अंबूबाई त्यांच्या दारात उभी राहिली. टोपलीत हुरडा आणलेला. यशोदाबाईंनी पाट मांडला, पण ती उंबऱ्याशीच टेकली.

"देव हलवायचा हाय येत्या ऐतवारी," ती म्हणाली. "चौथरा कारखान्यात गेला. तुमी या आन् फोटू काढा."

यशवंतरावांच्या हातातली सुपारी तशीच राहिली. "भैरोबाचा?"

"न्हाई. भैरोबाला दिसतं त्येचा."

मग तिने समजावून सांगितलं. भैरोबा उत्तरेकडे तोंड करून बसलेला. त्याच्या समोर गावात कुणी कधी भिंत घातली नाही, झाड लावलं नाही, कडब्याची गंजीसुद्धा रचली नाही. देवाची नजर अडली तर राखण कशी व्हायची? आणि आता नवी जागा मिळाली होती ती थेट कारखान्याच्या कुंपणभिंतीसमोर.

"आंधळा करून बसवू का त्येला? तुमचा फोटू म्होरं लावीन. त्येला वाटंल, हाय तिथंच हाय."

यशोदाबाई हळूच म्हणाल्या, "देवाला फसवायचं?"

"फसवाय कशाला, बाई? लेक सासरी धाडताना माहेरची कायतरी खूण बरूबर देतोच की आपुन."

यशवंतरावांनी शब्द दिला. मनात मात्र कुठेतरी खट्टू झाले. इतकी वर्षं ज्याच्यासमोर कॅमेरा लावायची आस धरली, त्याच्याकडे आता पाठ करायची होती. त्यांच्या मोठ्या कॅमेऱ्यात फोटो उमटायच्या काचा, एका फोटोला एक, परदेशातून येत आणि हल्ली मिळेनाशा झाल्या होत्या. घरात दोनच उरल्या होत्या. त्या दोन्ही त्यांनी बरोबर घेतल्या.

रविवारी उजाडता उजाडता माळावर गाव जमलं. हलगी वाजत नव्हती, कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. पहारी लावून देव सोडवला, घोंगडीत गुंडाळला आणि कोंडाजीच्या बैलगाडीत कडब्यावर उभा टेकवला. कोंडाजी म्हणजे गावचा म्हातारा कारभारी. भैरोबाचा मान त्याच्या घराण्यात होता. रिकाम्या चौथऱ्याकडे कुणाला बघवेना. देव जिथे होता तिथे शेंदराचं नुसतं वर्तुळ उरलं होतं.

यशवंतरावांनी वहाणा काढल्या, चौथऱ्यावर चढले आणि त्या वर्तुळात तिपाई रोवली. काळ्या फडक्यात डोकं घातलं. समोर उतरता माळ, भोसरीकडची झाडं, धुक्याचा पट्टा आणि पार मागे चाकणकडचा भामचंद्राचा डोंगर. त्यांच्या मनात आलं, हा रोज हे बघत होता आणि मी वर्षानुवर्षं त्याच्याकडेच बघत बसलो.

पहिली काच चढवली, भिंग उघडलं, आणि त्याच क्षणी कोंडाजी पुढे झाला. अंगठा शेंदरात बुडवून त्याने तो थेट भिंगावरच टेकवला आणि डोकं ठेवलं.

"अहो, काय केलंत हे!" यशवंतराव फडक्याबाहेर आले.

कोंडाजी गोंधळला. "ह्यो भैरूबाच्या जागंवर हुबा हाय. एकच डोळा दिसला, त्या डोळ्याला लावला. चुकलं व्हय?"

माणसं हसली. अंबूबाई कडाडली, "कोंडाजी, आरं देव उठवतुया का शिमगा करतुया? ऱ्हा तिकडं गाडीपशी!"

एक काच गेली. यशवंतराव धोतराच्या सोग्याने भिंग पुसू लागले. तेलकट शेंदूर लवकर निघेना. तिकडे कोंडाजी खजील होऊन गाडीकडे वळला आणि त्याच्या चाहुलीने बैल बुजले. गाडीला हिसका बसला, देव धुऱ्यावर आपटला. घोंगडी सरकली. खडकातून पाणी फुटावं तसा आवाज झाला आणि शेंदराचं जाड कवच तडकून ढेपांनी खाली पडलं.

आत मूर्ती होती. काळ्याभोर दगडाची, कुणाच्याही आज्या-पणज्याने न पाहिलेली. नाकाचा शेंडा उडालेला, मिशीच्या केसाकेसावर छिन्नीची रेघ, आणि डोळे मोठे, उघडे. पूर्वेचं कोवळं ऊन गालावर आडवं पडलं होतं. उभा जन्म ज्या तिरिपेची वाट बघितली, ती हीच.

गाव जागच्या जागी हात जोडून उभं राहिलं. अंबूबाई धावली, देवाला झाकायला पदर पसरला, आणि यशवंतरावांच्या तोंडाकडे बघून थांबली.

"काढायचा आसंल तर काढा," ती म्हणाली. "आता आडवाय माझी जागाच कुठं ऱ्हायली?"

कॅमेऱ्याची मान थोडी वळवायची, एवढंच काम होतं. काच एकच होती. रस्त्याच्या अंगाने जीपगाड्या सुरू झाल्याचा आवाज येत होता. घटकाभरात धुरळा चढला असता आणि डोंगर त्यात बुडाला असता. यशवंतरावांचा हात तिपाईच्या खिट्टीवर गेला आणि तिथेच राहिला. मूर्तीचे डोळे त्यांच्याकडे नव्हतेच. गाडीतूनसुद्धा ते उत्तरेकडेच लागले होते.

"पांघरा त्याला, अंबूबाई," ते म्हणाले. "गारठा आहे सकाळचा."

आणि त्यांनी फडक्यात डोकं घातलं.

दाराएवढा तो फोटो नव्या जागी, भिंतीला पाठ लावून भैरोबासमोर उभा केला. अंबूबाई रोज आधी त्याची काच पुसायची आणि मगच दिवा लावायची. असं तिने मरेपर्यंत केलं. देव हलवला त्याच्या दुसऱ्या दिवशीच तिने त्याला पुन्हा शेंदूर चढवला; तो चेहरा परत कुणाला दिसला नाही. कोंडाजीची रानं गेली, लेक कारखान्यात लागला, आणि तो स्वतः शेवटपर्यंत लोकांना सांगत राहिला की त्याच्या घरच्या देवाने फोटोवाल्याच्या डोळ्यातून गाव बघितलं. माळ भरत गेला, झाडं गेली, धुराड्यांमागे डोंगरही दिसेनासा झाला. फोटोत मात्र तो पिवळट पडून का होईना, होता.

यशवंतराव मोतीबिंदूने नजर जाईपर्यंत देवस्थानं हिंडले. शेंदराचा डाग उमटलेली ती पहिली काच त्यांनी फेकली नाही. यशोदाबाईंनी एकदाच विचारलं, "कसा होता हो भैरोबा?"

"कामात होता," ते म्हणाले.

ते गेले तेव्हा यशोदाबाई एकट्याच पिंपरीला आल्या, भैरोबाला तेल घातलं, आणि घटकाभर देवाकडे पाठ करून फोटोतल्या त्या डोंगराकडे बघत बसल्या.